होकार रांगेत आहे

गुरुवारी दुपारी आमच्या गॅलरीतल्या सर्व्हरनं बाहेरच्या जगाशी बोलणं टाकलं.

सर्व्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे थंडगार खोलीतली लुकलुकणारी कपाटं येतात. आमचा सर्व्हर म्हणजे एक जुना कॉम्प्युटर. माधवनगरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत, वॉशिंग मशीन आणि कोरफडीची कुंडी यांच्या मधोमध, पाटावर बसवलेला. धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर शालनची, म्हणजे माझ्या बायकोची, जुनी ओढणी टाकलेली असते. आमच्या वधू-वर सूचक मंडळाचा सगळा कारभार त्याच्या पोटात आहे आणि मंडळाचा सचिव मी आहे. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो तेव्हा 'आता काहीतरी सामाजिक करा' असं सगळे म्हणाले. करायला लागल्यावर तेच सगळे 'तुम्हाला कुणी सांगितलं होतं' असं म्हणू लागले, तो भाग वेगळा.

आपल्याकडे सोयरिकीत नकार कुणी तोंडानं देत नाही. 'मामांना विचारून सांगतो' म्हणायचं, 'पत्रिका दाखवतो' म्हणायचं आणि मग गप्प बसायचं. गप्प म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. खरी पंचाईत होकाराची. आधी होय कुणी म्हणायचं? मुलीकडच्यांनी म्हटलं तर ते गरजू दिसतात. मुलाकडच्यांनी म्हटलं तर मुलात काहीतरी खोट असणार. माझ्या आधीचे सचिव निरोप तोंडी पोचवायचे. फार गोड माणूस. नकारसुद्धा ते इतका गोड करून सांगायचे की एकदा एका घरानं थेट बस्ता बांधून आणला आणि पलीकडच्या घराला त्याचा पत्ताच नव्हता. भर सभेत साड्या आपटल्या गेल्या.

म्हणून मी नवी पद्धत आणली. दोन्ही घरांनी आपलं उत्तर मोबाइलवरून गुपचूप आमच्या सर्व्हरला कळवायचं. दोन्हीकडून होकार असेल तर सर्व्हर एकाच क्षणी दोन्ही घरांना मेसेज पाठवणार. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही, कुणाचं नाक खाली नाही. एकाचाही नकार असेल तर मेसेज नाही. उत्तरं सचिवालासुद्धा दिसणार नाहीत. आणि 'सचिवाने होकार वा नकार कोणासही तोंडी कळवू नये' हा ठराव मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर करून घेतला. त्या टाळ्या आठवल्या की अजून माझी कानशिलं तापतात.

कारण त्या गुरुवारी सकाळीच माझ्या स्वतःच्या मुलीनं, पूजानं, होकार दाबला होता.

पूजा सांगलीतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. आलेल्या स्थळांत काय खोट आहे हे ती रक्ताचा थेंब तपासावा तसं तपासते. एक जण फार हसतो, एक जण हसतच नाही, एकाची आई त्याच्या वतीनं बोलते. सचिवाच्याच घरात मुलगी बिनलग्नाची, म्हणून लोक माझ्याकडे स्वतःच आजारी असलेल्या डॉक्टरकडे बघावं तसं बघत. आणि गेल्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये कडेगावकडचा शिवतेज मामांना घेऊन आला. लष्करात नाईक, घरची उसाची शेती. वडिलांच्या उसाला त्याच दिवशी तोड आली होती, म्हणून ते येऊ शकले नव्हते. मुलगा फार बोलला नाही. पोहे खाल्ले आणि बशी उचलून स्वतः मोरीत नेऊन ठेवली. घरी आल्यावर पूजा आईला म्हणाली, "हा चालेल." पूजाच्या तोंडून हे दोन शब्द म्हणजे काय, हे तिच्या आईला आणि मलाच ठाऊक. शालननं त्या दिवशी मला न मागता चहा दिला.

पण शिवतेजची सुट्टी रविवारी सकाळी संपत होती. मामा जाताना सांगून गेले होते, "पोरगं जायच्या आत ठरलं तर ठरलं. न्हाईतर आमचं दाजी दुसरीकडं बघणार. पुन्ना सुट्टी कवा मिळंल, त्याचा भरवसा न्हाई."

आणि गुरुवारी दुपारी ओढणी बाजूला करून बघतो तर पडद्यावर लाल अक्षरं. इंग्रजीतला तो मजकूर मी तीनतीनदा वाचला. त्याचा भावार्थ असा: 'समोरच्याची ओळख पटत नाही. त्याला ज्याने प्रमाणित केले त्यालाही मी ओळखत नाही. सबब मी बोलणार नाही.' खाली लिहिलं होतं, काही मेसेज रांगेत आहेत. कुणाचे, ते दिसत नव्हतं. ती व्यवस्था मीच करून ठेवली होती.

हे प्रकरण मला पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या आसिफनं समजावलं ते असं. आमचा सर्व्हर मेसेज स्वतः पाठवत नाही, तो मेसेज पाठवणाऱ्या एका कंपनीच्या यंत्राला सांगतो. सांगण्याआधी तो त्या यंत्राला विचारतो, तू खरंच तोच कशावरून? मग ते यंत्र आपलं सर्टिफिकेट पुढे करतं. त्याच्यावर कुणीतरी तिसऱ्या, मोठ्या संस्थेची सही असते. आमच्या सर्व्हरजवळ अशा विश्वासू संस्थांची यादी असते. सही त्यांतल्या कुणाची असली तर बोलणं सुरू. कंपनीनं त्या आठवड्यात सही करणारी संस्था बदलली. नवी संस्था आमच्या जुन्या यादीत नव्हती. थोडक्यात, मुलगा तोच, मध्यस्थ बदलला आणि आमच्या सर्व्हरनं दार लावून घेतलं. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानच वाटला. मीही तेच केलं असतं.

संध्याकाळी पूजा घरी आली, चपला काढता काढता म्हणाली, "बाबा, मेसेज?"

"जातोय," मी म्हणालो.

शालन म्हणाली, "आवं, उचला फोन आन् सांगा की त्यास्नी सरळ."

बायकांना मंडळाची घटना समजत नाही. सचिव म्हणून फोन केला तर ठरावाचा भंग, तोही माझ्याच. मुलीचा बाप म्हणून केला तर आमचं नाक खाली, आणि उद्या लोक म्हणणार की सचिवानं पदाचा वापर करून मुलगी उजवली. शिवाय तिकडून होकार आलाय की नाही हे मला तरी कुठं माहीत होतं? रांगेतले मेसेज दुसऱ्या कुणाचेही असतील. आपण फोन करायचा आणि समोरून 'मामांना विचारून सांगतो' असं ऐकायचं, ही कल्पनाच मला जेवू देईना. मी गॅलरीत जाऊन सर्व्हरपुढे उभा राहिलो. तिथंही बरं वाटेना म्हणून पुन्हा आत आलो. असं करत मी फरशी झिजवत असताना वरच्या मजल्यावरचे धैर्यशील खाली आले.

धैर्यशील एका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना कुणी बोलवावं लागत नाही. लाल अक्षरं त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचली आणि म्हणाले, "सयाजीराव, हे मशीन दोन वर्षांपूर्वी व्यवस्थित चालत होतं ना?"

"होतं."

"मग त्याला दोन वर्षं मागं न्या. तारीख मागं करा. त्याला वाटेल अजून सगळं पूर्वीसारखंच आहे. आमच्या बँकेत हमखास चालायचं."

मला हे पटलं. हे मला पटलं याचं मला आजही नवल वाटतं. आम्ही दोघांनी मिळून सर्व्हरची तारीख दोन वर्षं मागं नेली. लाल अक्षरं गेली नाहीत. धैर्यशील म्हणाले, "मुरू द्या जरा," आणि जेवायला वर गेले.

सर्व्हरमध्ये काय मुरलं, ते शुक्रवारी सकाळी कळलं. आमच्या संकेतस्थळावर ज्याचं लग्न होतं त्याच्या लग्नाची तारीख आम्ही घालतो आणि त्या दिवसापासून त्याची माहिती आपोआप झाकली जाते. आता सर्व्हरच्या मते ती लग्नं अजून व्हायचीच होती. दोन वर्षांत मी जुळवलेले सगळे संसार एका रात्रीत मोडले आणि नवरे-बायका फोटोसकट पुन्हा बाजारात उभे राहिले.

पहिला फोन फलटणहून आला. "आवं सचिव, आमची सून तुमच्याकडं अजून 'अनुरूप स्थळ हवे' म्हणून झळकतीया! सातवा लागलाय की वो तिला!" मग एका मुलीचा बाप रडवेल्या आवाजात विचारू लागला, जावयांनीच परत नाव नोंदवलंय का. एका जावईबापूंनी मात्र काही तक्रार केली नाही. कुणाची पसंती आलीय का, एवढंच त्यांनी हळू आवाजात विचारलं आणि बायको आल्यामुळे फोन ठेवला. मी घामाघूम होऊन आख्खं संकेतस्थळच बंद केलं. त्या गडबडीत तारीख पुढं करायची राहून गेली.

मग मी शहाण्या माणसासारखा आसिफकडे गेलो. आमच्याच गल्लीच्या तोंडाला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आसिफ हुशार आहे आणि ते त्याला माहीत आहे. तो आला, ओढणीवर बोट फिरवून धूळ पाहिली, वरवर पडदा बघून म्हणाला, "काका, एका ओळीचं काम हाय. तपासणीच बंद करून टाकतो. समोर कुणी का असंना, ह्यानं इचारायचंच न्हाई. मेसेज सुसाट."

"विचारायचंच नाही?"

"लय लोक तसंच करत्यात."

"आसिफ," मी म्हणालो, "ह्या मंडळाचं ब्रीद आहे 'आधी चौकशी, मग सोयरीक'. मी गावोगाव हे भाषण केलंय. आणि माझ्याच गॅलरीतला सर्व्हर चौकशी न करता कुणाच्याही गळ्यात पडणार? शेकडो मुलींचे पत्ते आहेत रे त्याच्यात."

"बरं, मग दुसरं. त्या कंपनीच्या यंत्राकडनंच त्याचं सर्टिफिकेट उतरून घेतो आन् आपल्या यादीत घालतो. ह्ये आपलं माणूस म्हणून."

"म्हणजे मुलालाच विचारायचं, बाबा तू पितोस का? आणि तो नाही म्हणाला की पेढे वाटायचे?"

आसिफनं माऊस सोडला. "काका, तुमी मेसेज पाठवताय का सोयरीक करताय?"

"दोन्ही," मी म्हणालो.

तेव्हा त्यानं खरा रस्ता सांगितला. कंपनीकडून रीतसर त्या नव्या संस्थेचं मूळ सर्टिफिकेट मागवायचं. त्याच्यासोबत एक लांबलचक आकडा येतो, बोटाच्या ठशासारखा. तो आकडा फोनवरून पडताळायचा. जुळला की यादीत घालायचं. ऐकायला सोपं होतं. सोपं ऐकू येणाऱ्या कामांनी माझ्या नोकरीची तीस वर्षं खाल्ली आहेत, हे मी विसरलो.

कंपनीच्या मदत केंद्रावरची मुलगी हिंदीत फार अदबीनं बोलली. आपकी समस्या हमारे लिए बहुत महत्त्वपूर्ण है, म्हणाली. पण तिच्याकडे मंडळाचा अधिकृत माणूस म्हणून नाव होतं माझ्या आधीच्या सचिवांचं. मी त्यांना फोन लावला. "सयाजीराव, हे काय सांगणं झालं? आत्ताच्या आत्ता कळवतो त्यांना," असं ते इतक्या गोडपणे म्हणाले की मला तेव्हाच कळलं, इथून काही होत नाही. दुपारपर्यंत ते गप्प होते. मग मी मंडळाच्या अध्यक्षांना, फलटणच्या जोतिबाअण्णांना गाठलं. त्यांच्या पत्रावर चालेल असं ती मुलगी म्हणाली होती.

अण्णा म्हणाले, "पत्र देतो की. पर सचिवसाहेब, कुणावर विश्वास ठेवायचा ह्ये मी एकट्यानं कसं ठरवू? कार्यकारिणीचा ठराव पायजे. ही पद्धत तुमीच लावलीसा."

ही पद्धत मीच लावली होती. त्या दोन दिवसांत मला कळून चुकलं की या मंडळात जी जी म्हणून अडचण आहे ती मी हौसेनं घालून ठेवली आहे.

संध्याकाळी मोबाइलवर सभा भरली. निम्म्या सभासदांचे पंखे दिसत होते, एकाचा कान. मी विषय मांडला की एका नव्या संस्थेला आपल्या सर्व्हरच्या विश्वासू यादीत घेण्याबाबत.

"कुठली संस्था?" कानानं विचारलं.

"परदेशातली आहे."

"परदेशात कुठं? आपलं कुणी हाय का तिकडं?"

"आपलं म्हणजे..."

"म्हंजे त्यास्नी वळखणारं कुणी. मूळचं कुठलं, पाव्हणं कोण, काय म्हाईती नगो? तुमीच तर सांगतासा, तीन ठिकाणी चौकशी केल्याबगार पत्रिका बी घेऊ नका."

मी सांगितलं की आख्खं जग त्या संस्थेवर विश्वास ठेवतं. यावर एक पंखा म्हणाला, "आख्खं जग ठेवतंय म्हनून आपन ठेवायचा व्हय?" मग चौकशी उपसमिती नेमावी अशी सूचना आली. उपसमितीत कोण यावरून दोघांची जुनी भांडणं निघाली, एकानं दुसऱ्याच्या मेहुण्याचं नाव घेतलं आणि सभा तिथंच अडकून बसली. मी या सगळ्यात पडद्यावर एकटा पूर्ण दिसत होतो आणि मागून पूजा ताट वाढून घेऊन जाताना दिसत होती. तिनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आत गेली. मी ओरडलोच, "अहो, माझ्या पोरीचं लग्न अडलंय!" पण माझा आवाज मीच बंद करून ठेवलेला होता. ते कुणालाच ऐकू गेलं नाही आणि एका परीनं बरंच झालं. शेवटी ठराव मंजूर झाला, त्याला दुरुस्ती जोडून: सदर संस्थेवर पुढील वार्षिक सभेपर्यंत तात्पुरता विश्वास ठेवण्यात यावा.

शनिवारी दुपारी कंपनीकडून सर्टिफिकेट आलं. मदत केंद्रावरच्या मुलीनं तो लांबलचक आकडा फोनवर वाचला, मी पडद्यावरचा बोटानं पुढं सरकत मोठ्यानं म्हणत गेलो. डी आठ, सात एफ, शून्य शून्य, बी. शालन दारात येऊन ऐकत राहिली आणि 'आता मंत्रतंत्रावर आलं का' म्हणून गेली. आकडा शेवटपर्यंत जुळला. आसिफनं सर्टिफिकेट यादीत घातलं, सर्व्हर बंद करून चालू केला. मी हात जोडले.

लाल अक्षरं. तीच नाहीत, वेगळी, पण लालच.

त्याचं कारण सोमवारी सापडलं. सर्व्हर अजून दोन वर्षं मागेच होता, आणि कंपनीच्या यंत्राचं नवं सर्टिफिकेट गेल्या महिन्यातलं. सर्व्हरच्या हिशेबानं ते अजून जन्मायचंच होतं. पोटातल्या बाळाची सही कोण मानणार? पण शनिवारी हे ना मला सुचलं ना आसिफला. तो डोकं खाजवत म्हणाला, "काका, उद्या बघू."

"उद्या नाही रे बाबा," मी म्हणालो. "उद्या सकाळी गाडी आहे त्याची."

मागं वळलो तर पूजा उभी होती. ती म्हणाली, "असू दे बाबा. यायचा असता तर आला असता मेसेज. गप्प म्हणजे नाही, एवढं कळतं मला." आणि सुकलेले कपडे काढायला लागली. चिमटे एकेक करून डब्यात टाकत होती, फार शांतपणे. पूजा चिडली की मला काही वाटत नाही. ती शांत झाली की मला जगणं नकोसं होतं.

शालन गॅलरीत आली. सर्व्हरवरची ओढणी तिनं ओढून घेतली, डोक्याला गुंडाळली आणि म्हणाली, "गाडी काढा. कडेगावला जाऊ."

"अगं, ठराव..."

"ठराव घाला त्या वॉशिंग मशीनमधी."

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला दिवस मावळताना गाडी चालवू देत नाहीत. शालनला येत नाही. राहिली पूजा. ठरायच्या आधी मुलीनं स्वतः मुलाच्या दारात जायचं, असं आमच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. मी तसं म्हणालोही. पूजानं किल्ली उचलली आणि म्हणाली, "मी आत येणार नाही. रस्त्यावर थांबेन. नाहीतर तुम्ही चालत जा."

शिवतेजच्या वडिलांची, आप्पासोंची, वस्ती गावाच्या अलीकडे मळ्यात होती. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पूजा गाडीत बसून राहिली. आम्ही दोघं पाटाच्या कडेनं चालत अंगणात गेलो. शिवतेज घरी नव्हता, मित्रांचा निरोप घ्यायला गेला होता. मामा आपल्या गावी परतले होते. म्हणजे आम्हाला ओळखणारं तिथं कुणीच नव्हतं. बाजेवर बनियनमध्ये एक भक्कम गृहस्थ बसले होते. तेच आप्पासो.

मी म्हणालो, "नमस्कार. मी सयाजी, वधू-वर मंडळाचा सचिव. आणि पूजाचा वडील."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सचिव म्हंतासा, तर मंडळाचा निरोप न्हाई आला आमाला. पोरीचा बाप म्हंतासा, तर पोरीचा बाप न बोलवता असा येतोय व्हय कुठं? नक्की कोण तुमी?"

मी खिशातून मंडळाचं ओळखपत्र काढलं. त्यांनी ते उजेडात धरलं. "ह्याच्यावर सही कुणाची हाय?"

"माझीच."

"मग झालंच की," म्हणाले आणि कार्ड परत दिलं.

मी घाईघाईनं म्हणालो, "जोतिबाअण्णांना फोन लावून देतो, आमचे अध्यक्ष, फलटणचे."

"त्यास्नी तरी मी कुठं वळखतोय?"

मी अंगणात तसाच उभा राहिलो. तीस वर्षं सरकारी नोकरी, मंडळाचं सचिवपद, टाळ्यांचा कडकडाट, यांतलं काहीही मला त्या उंबऱ्याच्या आत घेऊ शकत नव्हतं. मला सर्व्हर आठवला आणि त्याचा फार राग आला.

तेवढ्यात आतून एक म्हातारी बाहेर आली. आप्पासोंची चुलती, बनुबाई. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. थेट शालनपुढे जाऊन विचारलं, "म्हायेर कंचं गं तुझं?"

"सांगलीचं. पर आजोळ वांगीचं."

"वांगीचं? कुणाची तू?"

"हौसाबाईची नात. चिंचंखालच्या घरातली."

"हौसाअक्काची? आगं माझं बाई!" बनुबाईनं शालनचं तोंड दोन्ही हातांनी कुरवाळलं आणि पुतण्याकडे वळून कडाडली, "आप्पा, उठ की! बसलाईस काय ढिम्म? हौसाअक्काची नात दारात हुबी हाय आन् तू सही बघतुयास? आन् ह्यो तिचा दाल्ला. चांगलाच आसणार."

आप्पासो उठले, सदरा घातला. आम्हाला बाजेवर बसवलं, चहा आला. हौसाबाईंना मी कधी पाहिलं नाही. आमच्या लग्नाआधीच त्या गेल्या. त्यांच्या नावावर मी तो चहा प्यालो.

आता माझी पाळी होती. वाटेत मी मनातल्या मनात बरंच काही जुळवलं होतं, तांत्रिक अडचण, क्षमस्व, वगैरे. त्यातलं काही आठवेना. मी कप खाली ठेवला.

"आप्पासो, ठराव असा आहे की मी तोंडी काही सांगायचं नाही. तो ठराव माझाच आहे. पण माझ्या मुलीला तुमचा मुलगा पसंत आहे. तिनं गुरुवारीच होय म्हटलंय. मशीन बिघडलं म्हणून तुम्हाला कळलं नाही. तुमचं उत्तर काय आहे मला माहीत नाही. नाही असेल तर नाही. पण आमच्या गप्प बसण्याला नकार समजू नका. एवढं सांगायला आलो."

आप्पासोंनी कपातला उरलेला चहा संपवला. शालननं माझा हात धरला, जो तिनं चारचौघांत कधी धरला नव्हता. तेवढ्या वेळात माझं नाक, कान, प्रतिष्ठा सगळं त्या अंगणात पडून गेलं होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला फक्त एक शब्द ऐकायचा होता.

"शिवतेजला इचारायला पायजे," आप्पासो शेवटी म्हणाले. 'मामांना विचारून सांगतो' याची ही धाकटी बहीणच.

तेव्हा रस्त्याच्या बाजूनं गाडीचं इंजिन जोरजोरात ओरडायला लागलं.

आम्ही सगळे धावलो. पुरता अंधार पडायच्या आत गाडी वळवून ठेवावी म्हणून पूजानं ती मागं घेतली होती आणि मागचं चाक थेट पाटात गेलं होतं. गाडी एका बाजूला कलली होती. चाकाखालून चिखलाचे फवारे उडत होते आणि त्या फवाऱ्यांत, पांढऱ्या शुभ्र सदऱ्यात, शिवतेज गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा राहून गाडी ढकलत होता. मित्रांकडून परतताना त्यानं गाडी पाहिली असावी. पूजा खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत होती, "तिथून नाही! उजवीकडून जोर लावा!"

"लावतोय की!"

"मग गाडी हलत का नाही?"

"तुम्ही ब्रेकवरनं पाय काढा आधी!"

पूजानं पाय काढला. कोण बोलतंय आणि कुणाशी, हे त्या दोघांच्या गावीही नव्हतं. आम्हाला बघून शिवतेजनं कोपरानं तोंडावरचा चिखल पुसला.

"आप्पा, ह्या म्हणतायत त्यांनी गुरुवारीच होय म्हणून कळवलंय. माझं पण गुरुवारीच गेलंय. मग अडलंय कुठं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामांना न विचारता, ठरावाशिवाय, गुरुवारीच. शालन पदरानं डोळे पुसत होती.

"अडलंय ते चाक," मी म्हणालो. चपला काढल्या, पँट वर सारली आणि पाटात उतरलो. पाणी गार होतं. चिखलात पाय रुतला, मी डिकीला दोन्ही हात लावले. शेजारी धप्पकन कुणीतरी उतरलं. आप्पासो होते, धुतलेल्या सदऱ्यासकट. त्यांनी खांदा लावला, श्वास भरून घेतला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"व्याही, जरा डाव्या अंगाला सरका."

मी सरकलो.